सुसरकीड आणि चौदावा रकाना

काकूंच्या पिठाच्या चाळणीत तीन मेलेले भुंगे वाळत घातलेले सापडले आणि त्या घरातला दिवस भांडणानेच उजाडला.

"अहो, हे काय आहे?" काकूंनी चाळणी दोन बोटांत धरून ओसरीवर आणली.

"नमुने आहेत. हलवू नकोस, मिशा तुटतात," ओसरीवर बसलेले काकूंचे यजमान म्हणाले.

"पण चाळणीत?"

"चाळणीत खालून-वरून वारा लागतो. प्रशिक्षणात तसंच सांगितलंय."

"मग पीठ कशाने चाळायचं, तेही सांगितलं असेल की प्रशिक्षणात."

"ते वेगळं खातं," यजमान शांतपणे म्हणाले आणि भिंगावर हाः करून ते धोतराच्या सोग्याला पुसू लागले.

काकूंनी भुंगे कागदावर ओतले, चाळणी दोनदा घासली आणि तोंडातल्या तोंडात जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. त्यांना बत्तीस वर्षांच्या संसारात एवढं कळलं होतं, की या माणसाशी भांडताना आपण खऱ्या असून उपयोग नसतो, आपल्याकडे कागद लागतो.

हा माणूस एकतीस वर्षं गावच्या सोसायटीत कारकून होता. निवृत्त झाला त्याच वर्षी वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की 'कीड ओळख' या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, गावातून एक लायक इसम पाठवावा. दिवस काढणीचे होते. लायक माणसं सगळी शेतात होती, म्हणून हे गेले. येताना एक प्रमाणपत्र, शंभर चित्रांचा भिंतीवरचा तक्ता आणि वाटीच्या तोंडाएवढं भिंग घेऊन आले. त्या दिवसापासून गाव त्यांना भिंगवाले म्हणू लागलं. त्यांनी तक्ता ओसरीत लावला, त्याखाली टेबल टाकलं, आणि सकाळी आठ ते अकरा गावाची कीड ओळखायला सुरुवात केली.

माणसं यायचीही भरपूर. काड्यापेटीत, पानाच्या पुडीत, एकजण तर चष्म्याच्या डबीत घालून काय काय आणायचा. आणि सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. हा कोण? चावतो का? घरात आला तर काय समजायचं? भिंगवाल्यांची पद्धतही ठरलेली होती. आधी पाय मोजायचे.

"सहा पाय, तीन भाग, दोन मिशा. त्याला कीटक म्हणायचं. बाकी सगळे उपरे," असं ते प्रत्येकाला सांगत.

एकदा गवंडी कोळी घेऊन आला. मानेला चावून गांधी उठली होती, ती दाखवत होता. भिंगवाल्यांनी पाय मोजले, आठ भरले.

"हा कीटक नाही," त्यांनी निकाल दिला.

"नाही म्हंजे? चावला की मला."

"चावला असेल. पण कीटक म्हणून नाही चावला. वहीत घेता येणार नाही."

गवंडी मान चोळत गेला. त्याचं दुखणं बेकायदेशीर ठरल्यासारखं तोंड झालं होतं. दुसऱ्या एका म्हाताऱ्याने कोटाच्या खिशात सापडलेला काळा चपटा प्रकार आणला. भिंगवाल्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि वहीत लिहिलं: 'कवचधारी, पाय गळून गेलेले, मृत.' काकू चहा द्यायला आल्या होत्या. ती कलिंगडाची बी आहे हे त्यांना उंबऱ्यातूनच दिसलं. पण त्या चहा ठेवून आत गेल्या. म्हाताऱ्याचं समाधान झालं होतं आणि बीला काही त्रास नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गावात फवारणीची एक पद्धत होती, आणि तिच्यामुळे भिंगवाल्यांच्या वहीला धार आली होती. सोसायटीचा फवारणीचा पंप एकच, इंजिनावर चालणारा. औषधाचं पिंप वरच्या ऑफिसातून यायचं, ते किडीचं नाव लिहिलेला सोळा रकान्यांचा फॉर्म गेल्याशिवाय सुटायचं नाही. फॉर्मवर प्रशिक्षित इसमाची सही पाहिजे. एकदा नाव पडलं, सही झाली, की अख्ख्या शिवारात एकाच दिवशी फवारणी. आजारी शेत, धडधाकट शेत, सगळं सारखंच. एकाच्या रानातली कीड दुसऱ्याच्या रानात पळून जाऊ नये म्हणून हे ठरवलं होतं. कुणी नको म्हणालं, तर वर्षभर गावातल्या सगळ्या किडीचं खापर त्याच्या डोक्यावर. त्यामुळे कुणी नको म्हणत नसे. थोडक्यात, या गावात किड्याला नाव मिळणं म्हणजे त्याची शंभरी भरणं, आणि त्याच्याबरोबर आसपासच्या सगळ्यांचीही.

काकूंना याचा चटका गेल्या वर्षी बसला होता.

घरामागच्या पट्टीत त्या घेवडा लावत. हा घेवडा त्यांच्या आईकडचा. लग्नात आईने पदराच्या टोकाला मूठभर बी बांधून दिलं होतं. पांढरा दाणा, त्याला तांबडा डोळा. तसा दाणा त्यांनी पुढे कुठल्या दुकानात पाहिला नाही, कुठल्या बाजारातही नाही. आई गेली, माहेरचं रान विकलं गेलं, तिकडे आता गोदाम उभं आहे. आईचं म्हणून काकूंकडे उरलं ते एवढंच. दर वर्षी लावायचा, दर वर्षी मूठभर बी डब्यात ठेवायचं, असं बत्तीस वर्षं चाललं होतं.

गेल्या वर्षी घेवडा फुलावर आला आणि मावा पडला. कोवळ्या शेंड्यांना हिरवे-काळे बारीक ठिपके चिकटले, पानं चिकट झाली, मुंग्या धावायला लागल्या. भिंगवाल्यांनी नाव घातलं, पंप आला, काकूंनी स्वतः नळी धरून दिली. चार दिवस पानं स्वच्छ दिसली. पंधराव्या दिवशी मावा परत आला, आणि असा आला की शेंडे दिसेनात. या वेळी त्याला खाणारं कुणीच शिल्लक नव्हतं. वेल गुंडाळून गेले. हंगाम संपला तेव्हा काकूंच्या हातात दाणे उरले सत्तेचाळीस. त्यांनी ते तीन-तीनदा मोजले, म्हणून काही वाढले नाहीत.

या वर्षी त्यांनी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पेरले. डबा रिकामा ठेवला. एकोणचाळीस उगवले.

आणि फुलं लागायच्या सुमारास मावा आला.

 रोज पहाटे काकू पाटावर बसून एकेक शेंडा बघत. तिसऱ्या दिवशी त्यांना शेंड्यावर दुसरंच काही दिसलं. काळी, लांबट, अंगावर काट्यांच्या गाठी, पाठीवर दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपके, पुढच्या अंगाला सहा पाय. दिसायला अशी ओंगळ, की बघणाऱ्याच्या अंगावर शहारा यावा. काकूंचं बोट तिला चिरडायला पुढे गेलं आणि थांबलं. ती अळी मावा खात होती. एक संपवला की दुसरा, मान वर न करता. काकू बसून मोजत राहिल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं, तेवढ्या वेळात तिने बावीस उडवले.

चार दिवसांत तशा साठ-सत्तर अळ्या झाल्या. शेंडे मोकळे व्हायला लागले. काकूंनी एक अळी काचेच्या बरणीत घालून, तोंडाला फडकं बांधून, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. रोज तिला माव्याने भरलेलं पान द्यायच्या. ती एक दिवस शेपटीने पानाला लटकली, आखडली आणि तिचा कोष झाला. सहा दिवसांनी बरणीत लाल, ठिपक्यांचा किडा फिरत होता. लहानपणी बोटावर चढवून फुंकर मारतो ना आपण, तोच. काकू एकट्याच स्वयंपाकघरात हसल्या आणि त्याला घेवड्यावर नेऊन सोडलं.

घरात कीड ओळखणारा प्रशिक्षित इसम असताना काकूंनी हे त्याला का सांगितलं नाही, असं कुणी विचारील. त्यांनी सांगितलं होतं. "अहो, बरणीतली अळी बघता का जरा?" एवढं म्हणाल्या होत्या. "नमुने आठ ते अकरा," असं उत्तर मिळालं होतं.

मग व्हायचं ते झालं. काकूंच्या थोरल्या जाऊबाईंची मिरचीची पट्टी घेवड्याला लागूनच. खायला शोधत चार-दोन अळ्या बांध ओलांडून तिकडे गेल्या. जाऊबाईंनी एक पाहिली, किंचाळल्या, तिच्यावर वाटी उपडी घातली आणि वाटीसकट ओसरीवर आल्या.

"भावजी, हे बघा काय जनावर आलंय. मिरचीवर शेकड्यांनी आहे."

चार होत्या. पण भीती कुणी मोजून सांगत नाही.

भिंगवाल्यांनी वाटी उचलली, भिंग लावलं आणि स्वतःच दचकून मागे सरकले. भिंगातून ती करंगळीएवढी दिसत होती. त्यांनी पाय मोजले, सहा होते. तक्त्याकडे पाहिलं. शंभर चित्रं वरून खाली, मग खालून वर पाहिली. तक्त्यावर लाल ठिपक्यांचा किडा होता, पण मोठा झालेला. त्याचं लहानपण काढायला चित्रकाराला जागा पुरली नसावी.

"तक्त्यावर नाही," भिंगवाले हळू आवाजात म्हणाले. "म्हंजे परदेशी आहे."

ओसरीवरची सगळी माणसं एक पाऊल मागे सरली.

"चावते का?" गवंड्याने विचारलं.

"तोंड बघा तिचं. सुसरीसारखं आहे," भिंगवाले म्हणाले आणि तिथल्या तिथे नाव पडलं. काळी सुसरकीड. त्यांनी वहीत लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लाखो नोंदी केल्या होत्या, पण सगळ्या दुसऱ्यांनी सांगितलेल्या. ही त्यांची स्वतःची पहिली.

दुपारपर्यंत गावात सुसरकीड बोटभर झाली आणि संध्याकाळी तिने एक वासरू चावल्याचं कळलं. सोसायटीचे चेअरमन स्वतः ओसरीवर आले. फॉर्म भरला गेला. परवा सकाळी पंप सुरू करायचा असं ठरलं, आणि सुरुवात कुठून, तर जिथे उगम आहे तिथून. उगम काकूंचा घेवडा.

जेवताना काकूंनी विषय काढला.

"अहो, ती अळी वाईट नाही. मावा खाते. मी बरणीत ठेवली होती. तिचा लाल ठिपक्यांचा किडा होतो."

भिंगवाल्यांचा घास हातातच राहिला. "तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी."

"भिंगातून?"

"भिंग कशाला? किडा दिसतो की नुसत्या डोळ्यांनी."

भिंगवाल्यांनी घास ताटात परत ठेवला. ते वाईट नव्हते. त्यांना मनातून पटतंय हे काकूंना त्यांच्या कानांवरून कळलं, पटलं की त्यांचे कान लाल होत. पण ते म्हणाले, "अगं, मी सही केलीय. आता ती अळी काहीही असली तरी सुसरकीडच."

"मग खोडा की."

"शाईची सही कशी खोडू? लोक काय म्हणतील? बायकोने सांगितलं म्हणून खोडली?"

"आणि घेवडा?"

"घेवडा पुढच्या वर्षी लाव."

"कशाचा लावू?" काकू म्हणाल्या. "बी कुठाय?"

 भिंगवाले हात धुऊन उठले. काकूंनी ताटं तशीच ठेवली आणि पदर तोंडाशी धरून चुलीपुढे बसून राहिल्या. बत्तीस वर्षांत नवऱ्याच्या वागण्याने त्यांना रडू आलं नव्हतं असं नाही, पण नवऱ्याच्या सहीने येण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी त्या टेबल पुसायला ओसरीवर गेल्या. फॉर्म तिथेच होता. काकू सातवी शिकलेल्या. त्यांनी पहिल्या रकान्यापासून वाचायला सुरुवात केली. किडीचं नाव, पायांची संख्या, पीक, क्षेत्र, सगळं भरलेलं होतं. चौदावा रकाना असा होता: 'किडीच्या सर्व अवस्था (अंडी, अळी, कोष, पूर्ण कीड) पाहिल्या काय?' आणि भिंगवाल्यांनी तिथे कारकुनी सवयीने लिहिलं होतं, 'निरंक.'

काकूंनी फॉर्म जसा होता तसा ठेवला, वर भिंग ठेवलं, आणि टेबल नेहमीपेक्षा जास्त चकचकीत पुसलं.

संध्याकाळी सोसायटीत फवारणीची सभा भरली. बायका दाराशी उभ्या होत्या. चेअरमनांचं बोलून झालं, पंपवाल्याने इंजिनाला तेल घातल्याचं सांगितलं. तेव्हा काकू दोन पावलं आत आल्या.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्या घरात एकच शिस्त. हे नेहमी सांगतात, रकाना अर्धा राहिला की कागद परत येतो. चौदाव्यात 'निरंक' आहे म्हणून म्हटलं, विचारावं."

चेअरमनांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. मागे एकदा हिरव्या शाईत सही केली म्हणून वरच्या ऑफिसाने त्यांचा फॉर्म परत पाठवला होता आणि गावाने त्यांना वर्षभर हिरवे चेअरमन म्हटलं होतं. तेव्हापासून कागद म्हटलं की त्यांना घाम फुटत असे.

"निरंक म्हंजे, पाहिल्याच नाहीत?"

भिंगवाल्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. आपल्याच शिस्तीचा दाखला, तोही सभेत, बायकोच्या तोंडून. त्याला नाही कसं म्हणायचं ते त्यांना सुचेना.

"नियमाने पाहायला पाहिजेत," ते शेवटी म्हणाले. "मी ते सुचवणारच होतो."

"किती दिवस लागतील?"

"सात," काकू म्हणाल्या, आणि लगेच, "असं हेच म्हणत होते."

ठरलं. सात दिवस. एक अळी बरणीत घालून सोसायटीच्या टेबलावर ठेवायची, खोलीला कुलूप लावायचं, रोज सकाळी भिंगवाल्यांनी पाहून नोंद करायची. सातव्या दिवशी दुपारी चारला सभा, आणि काही निघो न निघो, लगेच पंप सुरू. पंपवाला नाराज झाला. त्याने तोंडाला बांधायचा टॉवेलसुद्धा धुऊन आणला होता.

काकूंनी घेवड्यावर जाऊन सगळ्यात जाड, सगळ्यात खाऊन तट्ट झालेली अळी निवडली. दुसऱ्याच दिवशी ती बरणीत लटकली. भिंगवाल्यांनी नोंद केली, 'हालचाल बंद. मृत.' काकूंनी संध्याकाळी सहज विचारलं, "मेलेली माणसं उलटी लटकतात का हो?" दुसऱ्या दिवशी नोंद दुरुस्त झाली, 'विश्रांती.'

सहावा दिवस गेला. कोष तसाच. सातव्या दिवशी सकाळी काकू भिंगवाल्यांबरोबर डबा द्यायच्या निमित्ताने सोसायटीत जाऊन आल्या. कोष गडद झाला होता, पण मिटलेलाच. घरी आल्यावर त्यांना भाकरीचं पीठ मळवेना. त्या घेवड्यात जाऊन बसल्या. वेलांना पहिल्या शेंगा धरल्या होत्या, काडीएवढ्या. त्यांनी एकेका शेंगेला हात लावून पाहिला. मनात आलं, चारच्या आत सगळे वेल उपटून दुसरीकडे न्यावेत. पण वेल काही गुरं नव्हेत, हाकून न्यायला.

चारला सभा भरली. सगळं गाव आलं होतं, सुसरकीड कशी निघते ते बघायला. जाऊबाई पुढच्या रांगेत. बरणी टेबलावर, कोष मिटलेला. साडेचार झाले. चेअरमनांनी घड्याळ पाहिलं आणि पंपवाल्याला मान हलवली. बाहेर इंजिन धडधडायला लागलं. काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली.

इंजिनाच्या हादऱ्याने म्हणा, टेबल थरथरलं म्हणून म्हणा, की त्या जिवाची वेळच भरली होती म्हणून म्हणा, कोषाला चीर पडली. गवंडी ओरडला, "निघाली." सगळे टेबलाभोवती गोळा झाले. इंजिन बंद झालं.

आतून निघाला तो किडा गोल, ओलसर आणि पिवळाधमक. अंगावर एक ठिपका नाही.

 काकूंच्या बरणीतला रात्रीत निघाला होता, त्यांनी सकाळी पाहिला तो लालच होता. हा पिवळा कुठला, त्यांना ठाऊक नव्हतं.

भिंगवाल्यांनी भिंग लावलं, तक्ता आठवला आणि जाहीर केलं, "पिवळी सुसरकीड. हिची दुसरी जात. ही उडते."

हाहाकार झाला. जाऊबाईंनी पदर डोक्यावर घेतला. आता पंप सुरू व्हायला एक शब्द पुरे होता, पण तो शब्द चेअरमनांनी उच्चारायचा होता, आणि चेअरमन एक शब्द कधी उच्चारत नसत. संकटाची वेळ, समोर सगळं गाव, अशी संधी पुन्हा येत नाही. ते उठले, घसा साफ केला आणि बोलायला लागले.

ते वडिलांपासून सुरू झाले. वडिलांनी सोसायटीची कौलं कशी चढवली, तिथून ते पंपाच्या खरेदीवर आले, तिथून विरोधकांवर, तिथून परदेशावर. गावाने आजवर त्यांच्या भाषणाला पुष्कळ नावं ठेवली होती. पण त्या दिवशी ते सव्वा तास बोलले, ही त्यांची गावाला सगळ्यात मोठी सेवा झाली.

कारण कुणी ऐकत नव्हतं, सगळे बरणीकडे बघत होते. साधारण कौलं चढून झाली तेव्हा गवंडी म्हणाला, "पाठीवर काय तरी उमटतंय." विरोधकांपर्यंत दोन करडे डाग दिसायला लागले. परदेश आला तेव्हा चार होते, आणि पिवळा रंग नारिंगीकडे झुकला होता. शेवटी सात ठिपके स्पष्ट मोजता आले. तो किडा त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. प्रत्येकाने लहानपणी तो बोटावर चढवला होता.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या, "हा तर आपला."

काकूंनी चौकट सोडली. 

सगळ्यांच्या नजरा भिंगवाल्यांकडे वळल्या. त्यांचे कान लालभडक झाले होते. त्यांनी भिंग खाली ठेवलं. काकूंना वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "म्हंजे ह्यांनी चौदाव्या रकान्याचा आग्रह धरला नसता, तर आपण आपलाच मित्र मारला असता." टाळ्या झाल्या. अभिनंदनाचा ठराव झाला. एवढ्या टाळ्यांत खरं बोलणं भिंगवाल्यांच्याने झालं नाही. ते उठून म्हणाले, "मी फक्त नियम पाळला."

फवारणी रद्द झाली. काकूंना ठरावाचं काही वाटलं नाही असं नाही. मनाला लागलं, चांगलंच लागलं, दोन दिवस त्यांनी नवऱ्याच्या चहात साखर कमी टाकली. पण शेंगा बोटभर झाल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघितलं की राग टिकत नसे.

मग सोसायटीच्या भिंतीवर पाटी लागली. मजकूर भिंगवाल्यांचा: 'ठिपकेवाला किडा शेतकऱ्याचा मित्र आहे. मारू नये. आढळल्यास शेतात सोडावा.' गाव नियमाने चालणारं होतं. लोकांनी ठिपकेवाले किडे गोळा करून शेतात सोडायला सुरुवात केली. महिन्याभरात वांग्यांवर ठिपकेवाले किडे एवढे झाले, की लोक एकमेकांना अभिमानाने मोजून दाखवू लागले. फक्त हे मळकट रंगाचे होते, अंगावर बारीक लव होती आणि ठिपके पंचवीसच्या वर. आणि हे मावा खात नव्हते, वांग्याचं पान खात होते. पानांच्या जाळ्या झाल्या.

लोक ओसरीवर आले. भिंगवाल्यांनी पाय मोजले, ठिपके मोजले आणि सांगितलं, "ठिपके आहेत म्हंजे मित्र. सातापेक्षा जास्त आहेत म्हंजे जिवलग."

पण माणसांना डोळे असतात. गवंड्याची बायको एकदा बांधावरून जात होती. तिने पाहिलं, की काकू आपल्या दोन वांग्यांवरचे जिवलग मित्र चिमटीने उचलून साबणाच्या पाण्यात टाकतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी ओसरीवर गेला, नाव विचारलं, मान डोलावली, आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला.

"काकू, हा कोण?"

"नाव मला ठाऊक नाही. कुठे सापडला?"

"वांग्यावर."

"काय करत होता?"

गवंडी विचारात पडला. आजवर त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "पान खात होता."

"मग मित्र कसला? वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. पानाच्या खाली पिवळी अंडी असतील, तीही बघा. पंप नको."

आठ दिवसांत मागच्या दाराशी सकाळची रांग लागायला लागली. लोक रीत सोडत नव्हते. आधी पुढे जाऊन नाव घ्यायचं, मग मागे येऊन काय करायचं ते विचारायचं. काकूंचे प्रश्न दोनच, कुठे होता आणि काय खात होता. जाऊबाई एकदा मिरचीचं पान घेऊन आल्या, आणि जाताना पायरीशी अडखळल्यासारख्या थांबल्या. "धाकटे, घेवड्याचं मूठभर बी देशील का यंदा? माझ्याकडेही राहील. एका जागी असू नये."

काकूंनी त्यांना बसायला पाट सरकवला. मग म्हणाल्या, "देते. पण तुमच्या मिरचीपासून चार हात लांब लावा, नाहीतर परत किंचाळाल."

घेवडा वाळला. काकूंनी वेल काढले आणि मागच्या दाराशी गोणपाट अंथरून शेंगा सोलायला बसल्या. पांढरे दाणे, तांबडे डोळे, परातीत पडत होते. यंदा मोजायची गरज नव्हती, परात भरत आली होती. रांगेत चारजण होते. काकू सोलता सोलता एकेकाला उत्तर देत होत्या.

तेवढ्यात रांग बाजूला सरकली. काकूंनी वर पाहिलं. ओसरीवरून आतल्या आत चार पावलांवर मागचं दार असताना भिंगवाले अख्ख्या घराला वळसा घालून बाहेरून आले होते. हातात वांग्याचं पान होतं, जाळी झालेलं. कान लाल.

"अगं," ते म्हणाले, "जरा बघतेस का, हा…"

"कुठे सापडला?"

"आपल्या… पाटीखालच्या वांग्यावर. सोसायटीच्या आवारात."

"काय करत होता?"

भिंगवाल्यांनी पानाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं.  "खात होता," ते म्हणाले. "पाटी उतरवायला सांगून आलोय."

रांगेतलं कुणी हसलं नाही. काकूंना एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी खाली बघून तीन शेंगा एकदम सोलल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या आधी चारजण आहेत. नंबर येईपर्यंत इथे बसा आणि शेंगा सोला."

भिंगवाले गोणपाटावर मांडी घालून बसले. पहिल्या शेंगेतले दाणे त्यांनी तळहातावर घेतले, सवयीने भिंगासाठी खिशाकडे हात नेला, मग तसाच परत आणला आणि दाणे परातीत टाकले.